जुन्या टाक्यांमागची किडनी

एप्रिल 2024. साखर कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, आठ-दहा दिवस झाले असतील. बीड जिल्ह्यातलं एक ऊसतोड जोडपं आमच्या ओपीडीत आलं. बाईंचं वय 41. दोन महिने थंडी वाजून ताप येत होता, डावी कूस ठणकत होती, लघवी गढूळ होती आणि तिला वास येत होता. फडात ताप आला की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या आणि पुन्हा कोयता हातात घ्यायचा, असं चाललं होतं. कामाचा दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेत चढतात. म्हणून हंगाम संपेपर्यंत त्यांनी दुखणं अंगावर काढलं.

तपासायला झोपवलं तेव्हा दोन जुने व्रण दिसले. एक डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीपासून तिरका पुढे आलेला, बोटभर रुंद आणि खेचलेला. दुसरा बेंबीखाली उभा, पिशवीच्या ऑपरेशनचा. पिशवी काढली तेव्हा त्या तिशीच्या होत्या. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या टेबलावर तो प्रश्न बेंबीखालच्या उभ्या व्रणाच्या रूपात येतो. अशा बाईची किडनी, पित्ताशय किंवा आतड्याचं काही करायचं ठरलं की आधीच एकदा उघडलेल्या पोटात शिरावं लागतं, आणि त्याचा हिशेब तिशीत पिशवी काढताना कुणी केलेला नसतो.

कुशीतल्या ऑपरेशनबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "खडा काढला का किडनी काढली, ते काही ध्यानात नाही, सायेब." हे उत्तर आम्ही वारंवार ऐकतो. त्यांच्या यजमानांनी कॅरीबॅग उलटी केली. रेशनकार्ड, आधारकार्ड, चुरगळलेले रक्ताचे रिपोर्ट आणि त्यात एक डिस्चार्ज कार्ड. वर्ष 2006. शाई उडालेली, पण डावी बाजू आणि किडनीच्या पिशवीतून खडा काढला एवढं लागलं. म्हणजे किडनी जागेवर होती. पुढे तपासणीला कधी यायचं, हे त्या कार्डावर कुठेही नव्हतं. अठरा वर्षांत त्या बाजूची एकही सोनोग्राफी झाली नव्हती.

मला त्या कार्डात नसलेली एक गोष्ट हवी होती. ऑपरेशननंतर कुशीतली नळी किती दिवस होती? बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "पोळ्याच्या दिशी ऑपरेशन झालं. नळी काढली तवा गणपती बुडवायला निघाले होते." पोळ्याची अमावस्या ते अनंत चतुर्दशी, म्हणजे दोन आठवडे. एवढे दिवस नळी राहिली याचा अर्थ टाक्यांतून लघवी झिरपत राहिली असणार. लघवी जिथे झिरपते तिथली मऊ चरबी दगडासारखी घट्ट होते. त्या एका वाक्यानं आतलं अर्धं चित्र उभं राहिलं. अशा प्रकरणात मी व्रणाच्या लांबीपेक्षा नळीच्या दिवसांकडे जास्त लक्ष देतो.

सोनोग्राफीत डावी किडनी पाण्यानं फुगलेली, आणि ते पाणीही गढूळ. सिटी स्कॅनमध्ये किडनीच्या तोंडाशी अडकलेला खडा, खालच्या भागात आणखी दोन, आणि किडनीचा गर कागदासारखा पातळ. मोठं आतडं खालच्या टोकाला इतकं बिलगलेलं की मधली चरबीची काळी रेघ दिसेना. उजवी किडनी ठीक. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन 1.1, म्हणजे ठीक; हिमोग्लोबिन 8.2, म्हणजे कमी. अंगात पू असलेल्या माणसाचं मोठं ऑपरेशन लगेच करायचं नसतं. त्याच दिवशी सोनोग्राफीखाली पाठीतून किडनीत नळी घातली. पहिल्याच दिवशी चारशे मिली पू आला आणि दोन दिवसांत ताप उतरला. पू तपासायला पाठवला. टीबीची तपासणीही केली, कारण आपल्याकडे बंद पडलेल्या किडनीमागे टीबी असू शकतो आणि तो ओळखल्याशिवाय चाकू लावणं चुकीचं ठरतं. टीबी निघाला नाही.

मग थांबलो. पाच आठवडे नळी ठेवून लोहाची इंजेक्शनं दिली, हिमोग्लोबिन 10 च्या वर आणलं. थांबण्याचं दुसरंही कारण होतं. तुंबलेल्या किडनीचं काम मोजलं तर ती उगीच मेलेली वाटते. आधी तिला मोकळं करावं, मग मोजावं. छत्रपती संभाजीनगरला पाठवून डीटीपीए स्कॅन करून आणला. कुठली किडनी किती काम करते, हे त्यात कळतं. डाव्या किडनीचा वाटा 7 टक्के. नळीतून दिवसाला पाऊण वाटी पाणचट लघवी. दहा टक्क्यांच्या खाली गेलेली, वर पू आणि खडे धरून बसलेली किडनी ठेवण्यात बाईंचा काही फायदा नव्हता. ती काढायचं ठरलं.

काढायची कुठल्या वाटेनं, हा या प्रकरणाचा गाभा.

किडनी पोटाच्या पोकळीच्या मागे, पाठीच्या बाजूला असते. दुर्बिणीनं तिच्यापर्यंत दोन वाटांनी जाता येतं. एक समोरून, पोटाच्या पोकळीतून, मोठं आतडं बाजूला सारून. दुसरी कुशीतून, पोटाची पोकळी न उघडता. या दुसऱ्या वाटेला आपल्या मुंबईचा मोठा हातभार आहे. सेंट लुईसमध्ये राल्फ क्लेमन यांनी 1990 मध्ये दुर्बिणीनं पहिली किडनी काढली, ती पोटातून. पाठीमागच्या बाजूला दुर्बिणीला जागाच मिळत नसे. 1992 मध्ये बॉम्बे हॉस्पिटलच्या डॉ. दुर्गा गौर यांनी हातमोज्याचं बोट रबरी नळीला बांधलं, बीपी मोजायच्या यंत्राच्या फुग्यानं त्यात हवा भरली आणि त्या घरगुती फुग्यानं चरबी बाजूला सारून जागा तयार केली. जगभर ही पद्धत गेली. पोटाचं आधी उघडं ऑपरेशन झालेलं असेल, तर ही कुशीतली वाट वरदान ठरते, कारण चिकटलेल्या आतड्यांशी गाठच पडत नाही.

पण फुगा मऊ चरबीतच जागा करतो. जिथे दोन आठवडे लघवी झिरपली आहे तिथे तो फुगवला तर चरबी सरकत नाही, पोटाचं अस्तर फाटतं. म्हणजे पोटाचा व्रण मला कुशीकडे ढकलत होता आणि कुशीचा व्रण पोटाकडे. दोन्ही दारांना कुलूप. अशा वेळी उघडं ऑपरेशन करावं, असं बरेच सर्जन म्हणतील, आणि ते चूक नाहीत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच केलं असतं. जुना व्रण असेल तर दुर्बीण नको, असंच तेव्हा आम्हाला शिकवलं जाई.

नीट पाहिलं तर दोन कुलपं सारखी नव्हती. पिशवीचं ऑपरेशन ओटीपोटातलं. त्याची चिकटलेली जागा बेंबीखाली असणार, आणि डाव्या बरगडीखालचा भाग बहुधा मोकळा. ते तपासण्याची सोपी युक्ती आहे. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं. आत मोकळं असेल तर आतडी पोटाच्या भिंतीखालून सेंटीमीटरभर तरी सरकताना दिसतात. चिकटलेली असतील तर भिंत आणि आतडं जोडीनं हलतं. बेंबीखाली काहीच सरकत नव्हतं. डाव्या बरगडीखाली आतडी छान सरकत होती. त्या मोकळ्या जागेवर मी पेनानं फुली मारली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खडा काढणारा सर्जन किडनीच्या मागच्या अंगानं शिरतो, कारण किडनीची पिशवी मागे आणि रक्तवाहिन्या पुढे असतात. 2006 मध्ये सर्जन मागच्या दारानं आला होता. पुढचं दार, म्हणजे धमनी आणि शीर असलेली बाजू, त्याच्या हाताला लागली नसणार. समोरून गेलो तर सगळ्यात धोक्याचं काम, रक्तवाहिन्या बांधणं, कोऱ्या जागेत होईल. चिकटलेला भाग शेवटी येईल, आणि तेव्हा किडनीत रक्तच जात नसेल. पोटातून, डाव्या बरगडीखालून जायचं पक्कं केलं.

बाईंना आणि यजमानांना बसवून समजावलं. चार छोटी भोकं असतील. आत फारच घट्ट निघालं तर मोठा चिरा घ्यावा लागेल, तो निर्णय तुम्ही भुलेत असताना मी घेईन, त्याची सही आत्ताच द्या. आतड्याला इजा होऊ शकते, रक्त लागू शकतं. यजमानांनी विचारलं की मोठा चिरा घेतला तर पैसे लागतील का. महात्मा फुले योजनेतून मंजुरी आलेली होती, तसं सांगितलं. बाईंचा प्रश्न वेगळा होता. कुशीतल्या जुन्या व्रणाखाली फुगीर भाग होता, मागच्या वेळी स्नायूंचा मज्जातंतू कापला गेल्यानं सैल पडलेला. त्या बाजूनं मोळी पेलवत नसे. "पुन्हा तिथंच फाडलं तर मोळी उचलता येईन का?" उघड्या ऑपरेशनमध्ये तिथेच पुन्हा, बरगडीलगत, वीतभर चिरा घ्यावा लागला असता. दुर्बिणीचा आग्रह मी का धरला याचं खरं उत्तर या प्रश्नात आहे. सुंदर टाक्यांसाठी तो नव्हता.

मे अखेरीस ऑपरेशन. संपूर्ण भूल, उजव्या कुशीवर तिरपं झोपवलेलं. पहिली शिरायची जागा फुलीवर. आधी ऑपरेशन झालेल्या पोटात मी सुई आंधळेपणानं घालत नाही. दोन सेंटीमीटरचा छेद, एकेक थर डोळ्यांनी बघत, अस्तर दोन चिमट्यांत उचलून कात्रीनं उघडलं आणि आत करंगळी फिरवली. मोकळं. मग पोट फुगवायला गॅस, मग दुर्बीण. बेंबीखाली चरबीचा पडदा आणि लहान आतड्याचा एक वेढा उभ्या व्रणाला लोंबकळत होता. असिस्टंटनं विचारलं, सोडवायचं का? नाही. जी चिकटण आपल्या वाटेत नाही तिला हात लावायचा नाही. ती सोडवताना आतड्याला भोक पडलं तर ज्या कामासाठी आलो तेच राहून जातं.

शिरतानाच ठरवून टाकलं होतं, नव्वद मिनिटांत मुख्य धमनी हाती आली नाही तर उघडायचं. भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवायचं काम सिस्टरांना दिलं. हे आधी ठरवावं लागतं, कारण आत गेल्यावर "अजून दहा मिनिटं" कधी संपत नाहीत.

मोठं आतडं वरून, प्लीहेच्या बाजूनं सोडवायला घेतलं. आतड्यामागची चरबी गडद पिवळी, किडनीभोवतीची जरा फिकट. दोन पिवळ्यांच्या मधली ती पुसट रेघ हाच आमचा रस्ता असतो. वरचा दोन तृतीयांश भाग सरळ सुटत गेला. खाली पिवळं संपलं आणि सगळं पांढरं झालं, खरवडीसारखं घट्ट. तिथे थांबलो आणि तो तुकडा तसाच सोडून पुढे गेलो.

एरवी आम्ही किडनीच्या खालच्या टोकाशी मूत्रवाहिनी शोधतो आणि तिला धरून वर जातो. इथे खालचं टोकच पांढऱ्या भागात गाडलेलं. म्हणून बीजकोषाकडून वर जाणारी गोनॅडल व्हेन शोधली. डाव्या बाजूला ती सरळ किडनीच्या शिरेत जाऊन मिळते, त्यामुळे तिच्यासारखा वाटाड्या नाही. तिच्या मागोमाग वर गेलो आणि किडनीची शीर दिसली, निळसर, स्वच्छ, जुन्या ऑपरेशनचा मागमूस नसलेली. तिच्या मागे धमनी, बोरूच्या काडीएवढी, धडधडणारी. बंद पडत गेलेल्या किडनीची धमनीही बारीक होत जाते. क्लिपा लावल्या, दोन महाधमनीच्या बाजूला, एक किडनीकडे, आणि मध्ये कापलं. सिस्टरांनी घड्याळ सांगितलं, बहात्तर मिनिटं.

किडनीच्या शिरेच्या मागे एक लहान लंबर, म्हणजे कमरेकडची, शीर असते. ती ओढली गेली आणि पडदा लाल झाला. अशा क्षणी हात आपोआप क्लिपकडे जातो, आणि आंधळी क्लिप लावली की लहान भोकाचं मोठं होतं. गॉझचा तुकडा आत घालून दाबून धरला. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना सांगून गॅसचा दाब 12 वरून थोडा वेळ 20 केला. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. गॉझ उचलला तेव्हा भोक दिसलं आणि एक क्लिप पुरली. शीर बांधून झाल्यावर दाब पुन्हा खाली आणला.

मग राहिला तो पांढरा भाग. आतडं आणि किडनीचं कवच एकजीव झालेलं. हट्टानं पूर्ण कवच काढायला गेलं की आतडं फाटतं. कॅन्सरचं ऑपरेशन असतं तर मला तसंच करावं लागलं असतं, किंवा पोट उघडावं लागलं असतं. इथे आजार पुवाचा होता. म्हणून तेवढ्या जागी किडनीच्या कवचाच्या आत शिरलो, गर सोलून घेतला आणि कवचाचा तळहाताएवढा तुकडा आतड्याला चिकटलेला तसाच ठेवला. आतड्याजवळ करंटचं कोणतंही हत्यार वापरलं नाही, फक्त कात्री. तरी आतड्याच्या वरच्या थराला दीड सेंटीमीटरची चीर गेली. दोन टाके घातले आणि नोंदीत तसं लिहिलं. पाठीतली पुवाची नळी बाहेरून काढली, मूत्रवाहिनी कापली, किडनी पिशवीत भरली आणि खालच्या भोकाचा छेद सहा सेंटीमीटरचा करून बाहेर काढली. कुशीतल्या जुन्या व्रणाला हात लावला नाही. एकूण तीन तास चाळीस मिनिटं. रक्ताची एक पिशवी लागली.

तिसऱ्या दिवशी बाईंचं पोट फुगलं. ताप शंभराच्या आत, पण एका भोकाच्या जागी दुखतंय म्हणाल्या. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आतड्याचं भोक पोट लाकडासारखं कडक करून, जोराचा ताप आणून येईलच असं नाही. एकाच भोकाशी टिकून राहिलेलं दुखणं, पोटफुगी, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी कमी होणं, अशा चोरपावलांनी ते येतं. मी टाके घातलेली ती दीड सेंटीमीटरची जागा डोळ्यांसमोरून हलेना. पेशी मोजल्या, नॉर्मल होत्या. तरीही गळती दाखवणारं औषध तोंडावाटे देऊन रात्रीच सिटी स्कॅन केला. गळती नव्हती, आतडी फक्त सुस्तावली होती. पाचव्या दिवशी वारा सरला, बाईंनी वरणभात खाल्ला. सातव्या दिवशी घरी गेल्या.

किडनी तपासायला पाठवली होती. जुनाट खड्यांच्या किडनीत कधीकधी कॅन्सर लपलेला असतो, त्यामुळे "नुसती पुवाची आहे" म्हणून ती फेकायची नसते. रिपोर्टमध्ये जुनाट सूज आणि झँथोग्रॅन्युलोमाचे, म्हणजे जुनाट जंतुसंसर्गात साचणाऱ्या चरबीभरल्या पेशींचे, ठिपके आले. चिकटण एवढी का होती, याचा काही भाग त्यातही होता. कॅन्सर नव्हता.

उघडं ऑपरेशन इतकंच व्यवस्थित झालं असतं का? किडनी नक्की निघाली असती. धमनी कदाचित लवकर हाती आली नसती, कारण कुशीतून शिरलं की आधी तो पांढराच भाग लागतो. आणि धमनी नव्वद मिनिटांत मिळाली नसती, किंवा ती लंबर शीर दाबून थांबली नसती, तर मी पोट उघडलं असतं आणि ते योग्यच ठरलं असतं. जिथे दुर्बिणीचा अनुभव कमी आहे, तिथे असा रुग्ण आला तर पुढे पाठवावा किंवा थेट उघडून करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीत हायडेलबर्गला 1869 मध्ये गुस्ताव सिमोन यांनी पहिली नियोजित किडनी काढली, तीही आधी पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या बाईचीच. त्या ऑपरेशनमध्ये मूत्रवाहिनीला इजा झाली होती. सिमोन यांनी पोट टाळून कमरेची वाट धरली, आणि त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग करून एका किडनीवर जगता येतं याची खात्री केली.

सुट्टी देताना आम्ही बाईंच्या हातात मराठीत छापलेलं कार्ड दिलं, प्लॅस्टिकमध्ये बंद करून. डावी किडनी काढली आहे. पोटातून, दुर्बिणीनं. कवचाचा तुकडा मोठ्या आतड्याला ठेवला आहे. आतड्याला दोन टाके आहेत. उजवी किडनी चांगली आहे, तिची वर्षातून एकदा सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि बीपी. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. वजन उचलायला तीन महिने मनाई. ऑक्टोबरमध्ये मुकादमाचा ट्रॅक्टर गावात आला तेव्हा त्या गेल्या, पण ऊस तोडायला आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला. मोळ्या वाहायचं काम यजमान आणि दिरानं घेतलं.

पुढच्या पट्ट्यानंतर, 2025 च्या एप्रिलमध्ये, त्या स्वतःहून आल्या. सोनोग्राफी स्वच्छ, क्रिएटिनिन 1.1, बीपी नॉर्मल. कार्ड मागितलं तर ब्लाउजच्या आतल्या पाकिटातून काढून दिलं. एका कोपऱ्याला उसाच्या पाल्याचा चरा पडला होता. मागे शाईनं तारखा लिहिल्या होत्या. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, असताना अंग दुखलं म्हणून त्या दोनदा दवाखान्यात गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी कार्ड वाचून इंजेक्शन बदललं होतं.